बावीस एप्रिलला न उजळलेली नदी

फ्लोरिडात ऑरलँडोजवळ वॉल्ट डिस्ने वर्ल्ड आहे. त्यातल्या चार मोठ्या उद्यानांपैकी सगळ्यात हिरवं म्हणजे अ‍ॅनिमल किंगडम. तिथले हत्ती, जिराफ आणि गोरिला खरेखुरे आहेत. २२ एप्रिल १९९८ रोजी, वसुंधरा दिनाचा मुहूर्त साधून ते उघडलं. बरोबर अठरा वर्षांनी, त्याच तारखेला, तिथल्या डिस्कव्हरी रिव्हर नावाच्या पाण्यावर ‘रिव्हर्स ऑफ लाइट’ हा रात्रीचा शो सुरू व्हायचा होता. काठावर सुमारे पाच हजार माणसं बसतील अशा पायऱ्या बांधल्या होत्या. जाहिराती झाल्या होत्या. रात्रीचं जेवण आणि शोची राखीव जागा असं एकत्र पॅकेजही ठरलं होतं. आणि तारखेला काही आठवडेच उरले असताना कंपनीने कळवलं की शो त्या दिवशी सुरू होणार नाही, त्यावर अजून काम करायचं आहे. नवी तारीख दिली नाही.

२२ एप्रिल २०१६ची संध्याकाळ आली आणि गेली. पायऱ्या रिकाम्याच राहिल्या.

लोक चिडले. त्यांना कुणी ‘एका शोसाठी एवढं काय’ म्हटलं, तर मला ते पटत नाही. डिस्ने वर्ल्डची सहल म्हणजे शनिवारी सुचलं आणि रविवारी निघालो असं नसतं. विमानाची तिकिटं, हॉटेल, मुलांच्या शाळेची सुट्टी, ऑफिसातली रजा हे सगळं सहा-आठ महिने आधी जुळवावं लागतं. अमेरिकेतल्या मराठी घरांत तर भारतातून आलेल्या आजी-आजोबांचा मुक्काम संपायच्या आत ते बसवायचं असतं. अशा घरात एकदा तारीख पक्की झाली, की तिच्याभोवती सगळं वर्ष बांधलं जातं. ती तारीख मागे घेणाऱ्याला एक वाक्य पुरतं. तिच्यावर पैसे लावलेल्या माणसाला ते पुरत नाही.

पण चिडलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा रोख होता तो शो बनवणाऱ्यांवर: एवढी मोठी कंपनी, एवढा पैसा, आणि वेळेत एक शो उभा करता येत नाही? इथे मात्र मी बनवणाऱ्यांच्या बाजूने उभा आहे. पाण्यावरचा रात्रीचा शो ही काय चीज आहे हे समजून घेतलं, की त्यांच्यावरचा राग निवळतो.

डिस्नेच्या इतर उद्यानांत रात्रीचा शेवट आतषबाजीने होतो. अ‍ॅनिमल किंगडममध्ये ती वाट बंद, कारण आवाजाने जनावरं बिथरतील. म्हणून इथे सगळी मदार पाणी, उजेड, संगीत आणि तरंगत्या आकृत्यांवर होती. कासव, वाघ, हत्ती आणि घुबड अशा चार प्राण्यांचे आतून उजळणारे मोठाले कंदील पाण्यावर यायचे, नावांतून कलाकार यायचे, आणि मागे कारंज्यांच्या मधोमध पाण्याच्या पडद्यावर चित्रं उमटायची.

हा पाण्याचा पडदा जरा जवळून पाहा. दाबाखालचं पाणी चपट्या तोंडातून वर फेकलं, की त्याचा पंख्यासारखा पातळ फवारा उभा राहतो. त्यावर प्रोजेक्टरचा झोत टाकला की बारीक थेंब उजेड अडवतात आणि हवेत चित्र दिसतं. पण हा पडदा कापडाचा नाही. वाऱ्याची एक झुळूक आली की तो एका अंगाला झुकतो आणि हरणाचं तोंड विरघळून जातं. पाण्याचा दाब थोडा कमी पडला तर चित्राचा वरचा भागच नाहीसा होतो. फवाऱ्याचं धुकं पुढच्या रांगांवर उतरतं. त्यात फ्लोरिडाचा उन्हाळा म्हणजे जवळजवळ रोज दुपारनंतर वीज-वादळ.

तरंगत्या आकृत्यांचं दुखणं याहून मोठं. जमिनीवरचा रथ रुळावरून जातो, थांब म्हटलं की थांबतो. पाण्यावरची वस्तू थांब म्हटल्यावरही पुढे सरकते, वाऱ्याने फिरते, शेजारच्या कारंज्याच्या लाटेने हलते. अशी अनेक धुडं अंधारात, संगीताच्या ठेक्यावर, नेमक्या जागी आणायची आणि प्रकाशझोत नेमका त्यांच्यावर पडायला हवा. शिवाय नावेत जिवंत माणसं उभी. काही बिघडलं तर सगळं त्या क्षणी थांबवता आलं पाहिजे.

आणि याची तालीम करायची कधी? दिवसा उजेडाचं काहीच जुळवता येत नाही. उद्यान बंद होऊन गर्दी गेल्यावर, काळोख पडल्यावर, पहाटेपर्यंतचे मोजके तास हातात असतात. आपल्याकडे नाटकवाले प्रयोगाआधी रंगीत तालीम करतात. वेशभूषा, प्रकाश, पार्श्वसंगीत सगळं लावून एक अख्खा प्रयोग. तिच्यात जे फसतं ते दोन दिवसांत सावरता येतं. इथे एक तरंगती आकृती चुकली, तर ती बाहेर काढून, उघडून, दुरुस्त करून पुन्हा पाण्यात सोडायची आणि पुन्हा रात्रीची वाट पाहायची. रंगीत तालीम नीट झाली नसेल तर पडदा न उघडणं हाच प्रेक्षकांचा मान आहे.

उलट केलं तर काय होतं, याचा धडा याच कंपनीच्या पहिल्या दिवसात आहे. कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी ठरल्याप्रमाणे उघडलं. टीव्हीवर थेट प्रक्षेपण होतं, सूत्रसंचालकांत तेव्हाचे अभिनेते रोनाल्ड रेगन होते, त्यामुळे तारीख हलवणं शक्यच नव्हतं. बनावट पासांमुळे निमंत्रितांपेक्षा कितीतरी जास्त, सुमारे २८ हजार माणसं आत शिरली. नळकामगारांचा संप झाला होता, म्हणून संडास चालू ठेवायचे की पिण्याच्या पाण्याचे नळ, यातून एक निवडावं लागलं. वॉल्ट डिस्नेने संडास निवडले. भर उन्हात लोक पाण्यावाचून तडफडले. नुकतंच घातलेलं डांबर मऊ होतं, त्यात बायकांच्या बुटांच्या टाचा रुतल्या. यंत्रं बंद पडली. कंपनीतच पुढे त्या दिवसाला ‘काळा रविवार’ म्हणायची पद्धत पडली.

त्याच डिस्नेलँडमध्ये उशिराचं याच्या नेमकं उलट उदाहरणही आहे. ‘हॉन्टेड मॅन्शन’ या भुताच्या वाड्याची बाहेरची इमारत १९६३ मध्येच उभी राहिली. मग सगळे कारागीर १९६४च्या न्यू यॉर्क जागतिक मेळ्याच्या कामाला लागले. डिसेंबर १९६६ मध्ये वॉल्ट डिस्ने गेले. आत नेमकं काय दाखवायचं, यावरही एकमत होईना. वाडा बंदच. पण बाहेर कंपनीने पाटी लावली होती, निवृत्तीला आलेल्या भुतांना इथे राहायला या म्हणून आमंत्रण देणारी. येणारा-जाणारा ती वाचायचा आणि आत काय असेल याची कल्पना करायचा. ९ ऑगस्ट १९६९ रोजी वाडा उघडला आणि आठवडाभरात, १६ ऑगस्टला, उद्यानात एका दिवसात ८२ हजारांवर माणसं आली. सहा वर्षं बंद दारासमोर थांबलेल्यांनी तक्रारी केल्याच असतील. आज मात्र तो वाडा डिस्नेच्या सर्वांत लाडक्या जागांपैकी एक आहे.

दोन्ही गोष्टींत फरक काय? वाड्याच्या पाटीवर तारीख नव्हती.

‘रिव्हर्स ऑफ लाइट’ची खरी चूक तिथे आहे. तारीख शो बनवणाऱ्यांकडून आली नव्हती, कॅलेंडरकडून आली होती. वसुंधरा दिन, उद्यानाचा वाढदिवस, जाहिरातीला इतकं गोड जुळून आलेलं, की तो मोह आवरला नसावा. शिवाय व्यवसायाची गरज होती. जनावरांचं उद्यान म्हणून संध्याकाळ झाली की लोक निघून जायचे. त्यांना रात्रीपर्यंत थांबवायचं होतं. पुढे ‘अवतार’ सिनेमावरचा पँडोरा हा विभाग येणार होता, त्याच्या गर्दीला रात्रीही सामावून घ्यायचं होतं. ही कारणं खोटी नाहीत. पण यातलं एकही कारण पाण्यावरच्या आकृतीला नेमक्या जागी थांबायला शिकवत नाही.

रिकाम्या पायऱ्यांचं काय करायचं, यावर कंपनीने जो उपाय काढला तो आपल्या ओळखीचा आहे. त्याच एप्रिलमध्ये ‘द जंगल बुक’ हा नवा सिनेमा आला होता. भारतात ८ एप्रिलला, अमेरिकेत त्यानंतर आठवड्याने. मग घाईघाईत ‘जंगल बुक: अलाइव्ह विथ मॅजिक’ हा बदली शो उभा केला आणि २८ मे २०१६ पासून दाखवायला सुरुवात केली. त्यात भारतीय वादक होते, भारतीय नाच होता. मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मलेल्या किपलिंगने सिवनीच्या रानात बसवलेली ही गोष्ट. ते रान म्हणजे आपल्या नागपूरच्या उत्तरेला पसरलेल्या पेंचचंच. ती फ्लोरिडाच्या नदीकाठी दुसऱ्याच शोची जागा भरून काढायला उभी राहिली. सप्टेंबरच्या सुरुवातीला ती संपली. ती त्या जागेसाठी रचलेली नव्हतीच. तरी मी त्या कलाकारांना मानतो. दुसऱ्याच्या उशिराचं ओझं त्यांनी उन्हाळाभर वाहिलं.

मूळ शो अखेर १७ फेब्रुवारी २०१७ रोजी सुरू झाला, जवळजवळ दहा महिने उशिरा. शांत, संथ, डोळ्यांना सुखावणारा होता. ज्यांना रात्री आकाश फाडणारा कल्लोळ हवा होता ते निराश झाले, ज्यांना जंगलातली संध्याकाळ हवी होती ते खूश झाले. २०१९ मध्ये त्यात डिस्नेच्या प्राणीपटांतली दृश्यं घालून तो बदलला. मार्च २०२० मध्ये करोनामुळे उद्यानं बंद झाली आणि जुलैमध्ये ती पुन्हा उघडताना कंपनीने सांगून टाकलं की हा शो परत येणार नाही. तीनच वर्षांचं आयुष्य.

वेळेत उघडलेल्याचं उदाहरणही याच नदीकाठी आहे: तिथल्या बनावट हिमालयी डोंगरात एक यती आहे. सुमारे पंचवीस फूट उंचीचं अजस्र यंत्र. त्या डोंगरातून धावणारी ‘एक्स्पिडिशन एव्हरेस्ट’ ही रोलरकोस्टर गाडी २००६च्या एप्रिलमध्ये वेळेत सुरू झाली, तेव्हा तो यती जाणाऱ्या गाडीवर हात उगारून झेपावायचा. काही महिन्यांत त्याची हालचाल बंद पडली. दुरुस्तीसाठी हात घालायचा तर डोंगरच फोडावा लागेल, असं म्हणतात. तेव्हापासून तो वर्षानुवर्षं जागच्या जागी उभा आहे आणि लुकलुकत्या दिव्याने तो हलतोय असा भास केला जातो. चाहते त्याला ‘डिस्को यती’ म्हणतात. नदीवरच्या आकृत्यांना वेळ मागणाऱ्यांना समोर हा डोंगर रोज दिसत होता.

तारीख कशी द्यावी, हे कंपनीला जमत नाही असं नाही. २२ एप्रिल २०२३ रोजी, योगायोगाने त्याच तारखेला, डिस्नेलँडमधल्या ‘फँटास्मिक’ या पाण्यावरच्या शोमध्ये ड्रॅगनच्या प्रचंड बाहुल्याने प्रयोग चालू असतानाच पेट घेतला. शो बंद झाला. परत कधी, या प्रश्नावर कंपनीने फक्त ऋतू सांगितला: २०२४चा वसंत. नेमका दिवस नंतर जाहीर झाला, आणि २४ मे २०२४ रोजी शो खरोखर सुरू झाला, ड्रॅगनशिवाय. तेरा महिने लोक थांबले, पण कुणाचं विमानाचं तिकीट एका खोट्या ठरलेल्या दिवसावर अडकलं नाही.

उद्यान चालवणाऱ्यांनी एवढंच करावं: रात्रीची तालीम सलग बिनचूक होईपर्यंत तारीख छापू नये. छापलीच आणि मागे घ्यावी लागली, तर कारण स्पष्ट सांगावं आणि पॅकेजचे पैसे न मागता परत द्यावेत.

आणि तुम्ही पुढच्या मे महिन्यात आई-बाबांना घेऊन ऑरलँडोला जाणार असाल, तर नव्या शोच्या पहिल्या महिन्यावर सहल बेतू नका. दोन-तीन वर्षं मुरलेला शो धरून दिवस आखा. नवा वेळेत सुरू झालाच, तर ती रात्र वरची. आणि फाटकावर ‘आज शो नाही’ सांगणाऱ्या मुलीवर कृपया आवाज चढवू नका, ती तारीख तिने ठरवलेली नसते.