खांदेरीचा दिवा

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले, त्यांत खांदेरी आहे. तेव्हापासून तिच्यावर पुष्कळ लिहिले जाते. तटबंदी, तोफा, वेताळाचे देऊळ, ठोकला की धातूसारखा वाजणारा दगड, सारे त्यात असते. दीपगृह मात्र ‘नंतर इंग्रजांनी बांधलेले’ एवढ्यावर उरकले जाते. १८६७ साली उभे राहिलेले हे दीपगृह आजही रात्री जहाजांना वाट दाखवते. किल्ल्याच्या इतिहासात ते उपरे आहे, हे मला पटत नाही.

दक्षिणेकडून मुंबई बंदरात शिरणाऱ्या जहाजाच्या उजव्या हाताला, थळच्या किनाऱ्यासमोर हे बेट येते. येथे बसणाऱ्याला बंदराची ये-जा दिसते. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये मायनाक भंडारी यांना बेट बांधून काढायला धाडले ते याचसाठी, आणि मुंबईकर इंग्रज खवळले तेही याचसाठी. ऑक्टोबरात समुद्रावर लढाई झाली. वारा पडला की इंग्रजांची मोठी जहाजे जागच्या जागी डुलत राहत; मराठ्यांच्या लहान, उथळ तळाच्या होड्या वल्ह्यांवर निसटत आणि रात्रीच्या काळोखात बेटावर रसद पोहोचवत. सिद्दीने शेजारची उंदेरी धरली, तरी खांदेरी हटली नाही. इंग्रजांना अखेर तह करावा लागला. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या काळात, १७१८ मध्ये, ते पुन्हा चालून आले आणि हात हलवत परतले. आज बेटाला कान्होजींचेच नाव आहे.

ज्या खडकावर चिरा चढू नये म्हणून इंग्रज झगडले, त्यावर १८८ वर्षांनी त्यांनीच मनोरा चढवला. जागेचे महत्त्व तेच होते. फक्त आता वाट अडवायची नव्हती, दाखवायची होती.

मनोरा उंचावर लागतो तो पृथ्वीच्या गोलाईमुळे. पाण्यापासून ५० मीटर उंचीवरून क्षितिज सुमारे २५ किलोमीटरवर दिसते. अंतर दुप्पट हवे तर उंची चौपट लागते. जहाजावरचा माणूस १० मीटर उंच उभा असेल, तर आणखी ११ किलोमीटर मिळतात.

आम्हा मराठवाड्याच्या लोकांना समुद्र परका वाटतो. पण पैठणचा माल एके काळी गाड्यांवर लादून भडोचला जाई, असे ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आहे. भडोचची खाडी इतकी अवघड, की राजाच्या चाकरीतले कोळी होड्या घेऊन पुढे जात आणि परक्या जहाजांना आत आणत, असेही त्यात म्हटले आहे. तिथे दिव्याचे काम माणसे करीत.

उपग्रह असताना दिवा कशाला, असे मला नेहमी विचारतात. उपग्रहाचा संदेश क्षीण असतो, तो मुद्दाम दडपताही येतो. दिव्याला मधे यंत्र लागत नाही. प्रत्येक दीपगृहाची उघडझाप ठरलेली असते: किती लखलखाट, किती सेकंदांनी. तांडेल काळोखात सेकंद मोजतो, नकाशावरच्या नोंदीशी ताडून पाहतो आणि समोरचा दिवा खांदेरीचाच आहे ना, याची खात्री करून घेतो.