रांगोळी जमते, मग चित्र का नाही?

‘‘मला बाई चित्र काढता येत नाही. शाळेत माझा हत्ती उंदरासारखा दिसायचा. सगळा वर्ग हसायचा!’’

मावशी हे सांगत होती तेव्हा ती रायपूरच्या आपल्या घराच्या उंबऱ्यासमोर उकिडवी बसली होती. चिमटीतून रांगोळी सुटत होती. पंधरा ठिपके पंधरा ओळींची नक्षी, मध्ये कमळ, चार कोपऱ्यांत चार मोर. एकाही मोराची मान दुसऱ्यापेक्षा लांब नव्हती. ना पट्टी, ना कंपास, ना खोडरबर. आणि म्हणे चित्र येत नाही!

‘‘मग हे काय आहे?’’ मी विचारलं.

‘‘अगं, ही रांगोळी. हिला कुणी चित्र म्हणतं का?’’

तुमच्याही घरात अशी एखादी मावशी, काकू किंवा आई असेल. कदाचित ती तुम्ही स्वतःच असाल. उशीच्या अभ्र्यावर गुलाबाची वेल भरणारी, गणपतीची आरास करणारी, स्वेटरवर दोन रंगांचं डिझाइन घालणारी. पण हातात पेन्सिल आणि समोर कोरा कागद आला की हात आखडतो. हा हात नक्की कशाने आखडतो आणि तो मोकळा कसा करायचा, याचं उत्तर रायपूरच्या मुक्कामात हळूहळू उलगडत गेलं.

भिंतच झाली कागद

रायपूर आणि मराठी माणूस यांचं नातं जुनं आहे. अठराव्या शतकात छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आलं. पुढे इंग्रजी आमदानीत हा मुलूख नागपूरबरोबरच मध्य प्रांतात होता. त्या काळात आणि नंतर नोकरीनिमित्त कितीतरी मराठी कुटुंबं इथे आली आणि इथलीच झाली. तात्यापारा, बूढापारा या भागांत अजूनही मराठी आडनावांच्या पाट्या दिसतात. चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे.

या घरांत दिवाळीची रांगोळी टिकून आहे, आणि तिच्या शेजारीच छत्तीसगडच्या बायकांची कलाही नांदते. इथे सणासुदीला पिठाने ‘चौक’ पुरतात, तो थेट आपल्या रांगोळीचा भाऊच. श्रावणात हरेलीच्या दिवशी गावातल्या घरांच्या बाहेरच्या भिंतींवर शेणाने माणसांच्या, जनावरांच्या आकृत्या काढतात. जन्माष्टमीला भिंतीवर आठ बाहुल्या रंगवून त्यांची पूजा होते. तिला ‘आठे कन्हैया’ म्हणतात. पोळ्याला, म्हणजे इथल्या ‘पोरा’ सणाला, मातीचे बैल आणि मुलींच्या खेळातली मातीची जाती नि भांडी घरोघर येतात.

यातली एकही बाई स्वतःला चित्रकार म्हणवत नाही. पण वर्षाकाठी तिच्या हातून किती आकृत्या उमटतात! तिला भीती वाटत नाही, कारण हे ‘चांगलं दिसेल का’ असं कुणी विचारतच नाही. सण आला की काढायचं, एवढंच तिला ठाऊक असतं.

सोनाबाईंचं घर

याच राज्याच्या उत्तरेला सरगुजा जिल्ह्यात पुहपुटरा नावाचं गाव आहे. तिथल्या सोनाबाई रजवार यांची हकिकत प्रत्येक घरात सांगितली जावी अशी आहे.

सोनाबाई लहान वयात लग्न होऊन या गावात आल्या. पती वयाने बरेच मोठे. मूल झाल्यावर पतीने त्यांचं बाहेर पडणं बंद केलं. ना शेजारपाजार, ना सख्या, ना माहेर. साधारण पंधरा वर्षं सोनाबाई घराच्या चार भिंतींआड राहिल्या. मुलाला खेळायला काही नव्हतं, म्हणून त्यांनी मातीची खेळणी केली. मग घरात ऊन फार येतं म्हणून बांबूच्या कामट्या वळवून त्यांची वर्तुळं एकमेकांना जोडली, वर माती लिंपली आणि जाळी उभी केली. त्या जाळीवर पक्षी आले, साप आले, माकडं आली. भिंतींवर जनावरं आली, नाचणारी माणसं आली, बासरीवाला कृष्ण आला. रंग घरात आणि आसपास मिळणाऱ्या गोष्टींचेच. शिकवायला कुणी नव्हतं आणि पाहून नक्कल करावी असा नमुनाही समोर नव्हता.

१९८३ साली भोपाळच्या भारत भवनची माणसं गावोगाव लोककलेचा शोध घेत या घरापर्यंत पोचली आणि थक्क झाली. सोनाबाईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांच्या हाताची कला संग्रहालयांत गेली. पण मला सर्वांत मोठी वाटते ती पुढची गोष्ट. घराचं दार उघडल्यावर त्यांनी आपली विद्या कोंडून ठेवली नाही. मुलाला शिकवली, गावातल्या इतरांना शिकवली. २००७ मध्ये सोनाबाई गेल्या. दोन वर्षांनी अमेरिकेतल्या सॅन दिएगो शहरात त्यांच्या कलेचं मोठं प्रदर्शन भरलं.

ही हकिकत ऐकून कुणी म्हणेल, ‘बघा, कोंडून ठेवलं म्हणून कला फुलली!’ असं मुळीच नाही. कोंडणं हा अन्यायच होता. त्या अन्यायात त्यांनी आपल्यापुरतं एक खेळकर जग उभं केलं, हे त्यांचं मोठेपण. आपल्यासाठी यातला धडा वेगळा आहे. सोनाबाईंना वर्ग नव्हता, रंगपेटी नव्हती, शाबासकी देणारं कुणी नव्हतं. मुलाला खेळणं हवं होतं आणि अंगणात ऊन येत होतं, एवढ्यावरून त्यांनी सुरुवात केली. आपलं दार तर उघडं आहे. मग आपण कशासाठी थांबलो आहोत?

हात नव्हे, डोळा

मी मावशीपुढे वही ठेवली आणि स्वयंपाकघरातला तांब्या आणून टेबलावर ठेवला. ‘‘काढ.’’

मावशीने दोन मिनिटांत तांब्या काढला. तोंड पूर्ण गोल, थाळीसारखं, आणि खाली बूड सरळ रेषेत. तिला स्वतःलाच हसू आलं. ‘‘बघ, म्हटलं नव्हतं?’’

चूक हाताची नव्हती. तांब्याचं तोंड गोल असतं हे मावशीला ठाऊक आहे, म्हणून तिने ते गोल काढलं. पण खुर्चीवरून बघताना ते गोल दिसतच नाही, दोन्ही बाजूंनी दाबलेल्या पोळीसारखं लांबट दिसतं. तांब्या डोळ्यांच्या रेषेत उचलून धरा, तर त्याच तोंडाची नुसती एक आडवी रेघ होते. उभं राहून वरून डोकावलं, तरच ते गोल. आपण डोळ्यांनी दिसतं ते काढत नाही, मनाला ठाऊक असतं ते काढतो. चित्र शिकणं म्हणजे मुख्यतः ही सवय मोडणं.

ती मोडण्यासाठी चित्रकलेचे शिक्षक काही सोपे प्रयोग सांगतात. घरच्या घरी करून पाहा.

न बघता काढा : आपलाच डावा हात समोर ठेवा (डावखुऱ्यांनी उजवा). नजर हाताच्या कडेवरून मुंगीच्या चालीने फिरवा आणि पेन्सिल तशीच कागदावर चालू द्या. कागदाकडे मुळीच बघायचं नाही. चित्र वेडंवाकडं येईल, येऊ द्या. किमोन निकोलाईडिस या अमेरिकन शिक्षकाच्या १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकामुळे ही पद्धत जगभर रुजली. पाच-सहा दिवसांत नजर ठरू लागते.

रिकामी जागा पाहा : चहाचा कप काढताना कान काढू नका. कान आणि कप यांच्यामध्ये जी पोकळी दिसते, तिचा आकार काढा. कान आपोआप तयार होतो. रांगोळीत पाकळ्यांमधली जागा सोडताना आपण हेच करतो.

चित्र उलटं ठेवा : एखादं साधं रेषांचं चित्र उलटं करून तसंच उतरवा. नाक, डोळे ओळखू आले नाहीत की मन त्यात ढवळाढवळ करत नाही आणि रेषा बरोबर उतरतात. बेटी एडवर्ड्स यांच्या १९७९ च्या पुस्तकाने हा प्रयोग लोकप्रिय केला. उजव्या आणि डाव्या मेंदूची त्यांची मांडणी शास्त्रज्ञांना आता फार ढोबळ वाटते, पण प्रयोगाचा उपयोग मात्र होतो.

ठिपक्यांची मदत घ्या : मोठं चित्र उतरवायचं असेल तर मूळ चित्रावर आणि कागदावर फिकट चौकटी आखा. एकेक चौकट उतरवत जा. रांगोळीचे ठिपके हेच काम करतात. प्रमाण चुकू देत नाहीत.

सामान किती लागतं? एक एचबी पेन्सिल, एक ४बी किंवा ६बी, खोडरबर आणि बिनरेघी वही. पेन्सिलीत शिसं नसतं, ग्राफाइट आणि चिकणमाती यांचं मिश्रण असतं. माती जास्त तितकी पेन्सिल कडक आणि रेघ फिकट, त्या ‘एच’च्या. ग्राफाइट जास्त तितकी मऊ आणि काळी, त्या ‘बी’च्या. आखणीला एचबी आणि छायेसाठी मऊ पेन्सिल, एवढ्यावर वर्षभर काम चालतं. महागडे रंग पहिल्याच दिवशी आणू नका. ते वाया जातील या भीतीनेच हात पुन्हा आखडतो.

एक छंद दुसऱ्याला शिकवतो

‘‘पण मला भरतकाम सोडवत नाही,’’ मावशी म्हणाली. सोडायला कुणी सांगितलंय? उलट चित्र आलं की भरतकामाचाच फायदा होतो. आजवर आपण पुस्तकातलं डिझाइन छापून घेत आलो. आता अंगणातली जास्वंद स्वतः काढा. ते चित्र पातळ कागदावर उतरवा, रेषेवर सुईने जवळजवळ भोकं पाडा, कापडावर ठेवून वरून निळीची किंवा खडूची पूड फिरवा. झाला तुमचा खाका! शेजारच्या कुणाच्याही टेबलक्लॉथवर तसं फूल नसेल.

देवाणघेवाण उलट दिशेनेही होते. गुलाबाच्या एका पाकळीत तीन छटांचे दोरे भरणाऱ्या बाईला उजेड आणि सावली वेगळी शिकवावी लागत नाही. क्रॉस स्टिच करणारीला चौकटी मोजायचा सराव असतो. गौरीचे मुखवटे रंगवणारीला डोळ्याची जागा कुठे येते हे माहीत असतं. सरगुजातल्याच काही बायकांनी गोंदणाची, म्हणजे तिकडच्या गोदण्याची नक्षी अंगावरून कापडावर आणली आणि त्यातून चित्रांचा एक नवा प्रकार उभा राहिला. हाताला एक भाषा येत असली की दुसरी लवकर येते.

मुलांनाही यात ओढा. महाराष्ट्रातल्या वाचकांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा ठाऊक आहेत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांचा सराव मुलं करतात तेव्हा आईनेही शेजारी वही घेऊन बसावं. मात्र एक पथ्य पाळा. मुलाच्या चित्रावर आपली पेन्सिल चालवू नका. ‘हत्ती असा नसतो’ हे एकच वाक्य माणसाला चाळीस वर्षं पुरतं. मावशीला पुरलंच की!

रायपूरकरांना तर सरावाला जागांची ददात नाही. १८७५ साली स्थापन झालेलं महंत घासीदास संग्रहालय आहे. तिथल्या मूर्तींसमोर परवानगी घेऊन वही उघडा. दगडाची मूर्ती हलत नाही, कंटाळत नाही, यासारखा चांगला मॉडेल कुठे मिळेल? बूढा तालाब आणि तेलीबांधा तलावाच्या काठावर संध्याकाळी झाडं आणि माणसं भरपूर भेटतात. नवा रायपूरच्या पुरखौती मुक्तांगणात छत्तीसगडची लोककला एका ठिकाणी बघता येते. ज्यांना रीतसर पदवी घ्यायची असेल त्यांच्यासाठी खैरागडला इंदिरा कला संगीत विद्यापीठ आहे. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठात संगीताबरोबर चित्रकला आणि शिल्पकलाही शिकवतात.

वेळ कुठून आणायचा?

खरी अडचण इथेच आहे. मावशी वही वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली ठेवायची, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. काका काही रागावणारे नव्हते. फार तर म्हणाले असते, ‘‘या वयात हे काय?’’ पण तेवढंच तिला ऐकायचं नव्हतं. लोणचं घालणं, स्वेटर विणणं यात घराचा उपयोग दिसतो. पेन्सिल घेऊन तांब्याकडे बघत बसणं यात कुणाचाच उपयोग दिसत नाही, आणि म्हणून अपराधी वाटतं.

या अपराधीपणाला औषध एकच, वही उघड्यावर ठेवणं. दुपारच्या चहानंतर पंधरा मिनिटं ठरवा आणि घरात सांगून टाका. रोज एक वस्तू काढा : किसणी, पोळपाट, चष्मा, वाळत घातलेला टॉवेल. पान फाडू नका, तारीख घाला. महिन्याने पहिलं पान उघडून बघा. दुसऱ्या कुणाच्या चित्राशी तुलना करायचीच नाही, आपल्याच पहिल्या पानाशी करायची. आणि घरच्यांनीही ‘हे विकलं जाईल का’ असं विचारण्याआधी एकदा ‘दाखव बरं’ म्हणावं.

निघायच्या दिवशी मी बॅग भरत होते. बाहेरच्या खोलीतून काकांचा आवाज आला, ‘‘अगं, हे कुणी काढलं?’’ वही टेबलावर उघडी होती. मावशीने ती लपवली नव्हती. पानावर तोच तांब्या होता. तोंड लांबट, बूड किंचित गोलाईचं, एका बाजूला सावली. थोडा कललेला होता खरा, पण पाणी भरून ठेवावं इतका तांब्यासारखा तांब्या.

‘‘मीच काढलंय,’’ मावशी म्हणाली. ‘‘आणि उद्या तुम्हाला काढणार आहे. हलायचं नाही हं!’’

काकांनी निमूटपणे चष्मा नीट केला.