मोटारीच्या स्पीकरमधील शिट्टीचे मूळ

मोटारीत नवा स्टिरिओ व अ‍ॅम्प्लिफायर बसविल्यावर अनेकदा स्पीकरमधून शिट्टी ऐकू येते आणि इंजिनाच्या गतीबरोबर तिचा सूर चढत जातो. ग्राहक स्पीकरला दोष देतो. दोष बहुधा अर्थिंगमध्ये असतो. दोन्ही उपकरणे मोटारीच्या सांगाड्याला निरनिराळ्या जागी जोडलेली असल्यास तेथील विद्युतदाबात सूक्ष्म फरक राहतो आणि अल्टरनेटरच्या प्रवाहातील चढउतार सिग्नलच्या तारेत शिरतात.

यंत्रणा बंद करून अ‍ॅम्प्लिफायरकडील सिग्नलच्या तारा काढाव्यात आणि ती पुन्हा सुरू करावी. शिट्टी थांबल्यास दोष तारांत, स्टिरिओत किंवा अर्थिंगच्या फरकात. न थांबल्यास अ‍ॅम्प्लिफायरच्या वीजजोडणीत शोधावा. अर्थिंगची तार आखूड ठेवून, रंग खरवडलेल्या पत्र्यावर घट्ट आवळावी. मात्र त्याआधी बॅटरीची ऋण जोडणी सोडविणे आवश्यक. दुकानदार प्रथम सुचवितात तो फिल्टर खरे तर अखेरचा उपाय होय.