स्मार्टफोन व संगणक यांची जोडणी

स्मार्टफोन व संगणक यांची जोडणी म्हणजे छायाचित्रे, चित्रफिती, ध्वनिमुद्रणे, कागदपत्रे इत्यादी फाइलींची देवाणघेवाण करण्यासाठी या दोन उपकरणांमध्ये प्रस्थापित केलेला संपर्क होय. हा संपर्क यूएसबी केबलद्वारे अथवा वाय-फाय, ब्लूटूथ यांसारख्या बिनतारी मार्गांनी साधता येतो. केबल जोडूनही फोन संगणकावर न दिसणे ही यात नेहमी आढळणारी अडचण आहे. अनेकदा दोन्ही उपकरणे सुस्थितीत असतात. दोष केबलमध्ये, फोनमधील निवडीत किंवा संगणकाच्या प्रणालीत असतो.

पार्श्वभूमी

यूएसबी हे मानक १९९६ साली प्रसिद्ध झाले. ते विकसित करणाऱ्यांमध्ये इंटेल कंपनीतील भारतीय वंशाचे अभियंते अजय भट्ट यांचा प्रमुख वाटा होता. आरंभीचे अँड्रॉइड फोन संगणकाला पेन ड्राइव्हप्रमाणे दिसत. त्या पद्धतीत संगणक साठवण आपल्या ताब्यात घेई व तेवढा वेळ फोनला ती वापरता येत नसे. पुढे अँड्रॉइडने 'मीडिया ट्रान्सफर प्रोटोकॉल' अर्थात एमटीपी ही पद्धत स्वीकारली. तीत साठवणीचा ताबा फोनकडेच राहतो. संगणक फाइल मागतो आणि फोन ती देतो. २०१५ साली आलेल्या अँड्रॉइड ६.० पासून केबल जोडताच केवळ चार्जिंग सुरू होते. फाइली दिसण्यासाठी वापरकर्त्याची संमती लागते. आयफोनमध्येही 'या संगणकावर विश्वास ठेवायचा का' अशी विचारणा होते.

केबलविषयक अडचणी

साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात : दोन विजेसाठी व दोन माहितीसाठी. काही स्वस्त केबलींत माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. अशा केबलने फोन चार्ज होतो, परंतु संगणकाला त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून प्रथम माहिती वाहून नेणारी दुसरी केबल लावून पाहावी. यूएसबी हब टाळून केबल थेट संगणकाला जोडावी व शक्य असल्यास संगणकावरील दुसरे पोर्ट वापरावे. फोनच्या पोर्टमध्ये धूळ व खिशातील कापसाचे तंतू साचल्यास पिन पूर्ण बसत नाही. फोन बंद करून ते लाकडी काडीने हलक्या हाताने काढावेत. सुई किंवा टाचणी वापरू नये.

फोन व संगणकातील निवडी

केबल योग्य असल्यास फोनचे कुलूप उघडून वरची सूचनापट्टी खाली ओढावी आणि यूएसबीच्या सूचनेतील 'फाइल ट्रान्सफर' हा पर्याय निवडावा. ही सूचनाच न आल्यास दोष बहुधा केबलमध्ये किंवा पोर्टमध्ये असतो. पर्याय निवडूनही विंडोज संगणकावर फोन न दिसल्यास दोन्ही उपकरणे पुन्हा सुरू करावीत. तरीही उपयोग न झाल्यास 'डिव्हाइस मॅनेजर'मधून फोनची नोंद काढून केबल पुन्हा जोडावी, म्हणजे ड्रायव्हर नव्याने बसतो. विंडोजच्या 'एन' आवृत्तीत एमटीपीसाठी 'मीडिया फीचर पॅक' वेगळा घ्यावा लागतो. मॅक संगणकात एमटीपीची अंगभूत सोय नसल्याने अँड्रॉइड फोनसाठी स्वतंत्र सॉफ्टवेअर लागते.

फोन दिसतो पण व्हॉट्सॲपची छायाचित्रे सापडत नाहीत, ही तक्रारही आढळते. नव्या अँड्रॉइड फोनमध्ये ती 'अँड्रॉइड' या फोल्डरमधील 'मीडिया' या उपफोल्डरात असतात.

बिनतारी पर्याय

पोर्टच बिघडले असल्यास ब्लूटूथ किंवा वाय-फायचा आधार घेता येतो. ब्लूटूथ मंद असल्याने ते थोड्या कागदपत्रांसाठी योग्य ठरते. वाय-फायद्वारे फाइली पाठवताना सामान्यतः दोन्ही उपकरणे एकाच नेटवर्कवर असावी लागतात. पाहुण्यांसाठी असलेल्या वाय-फायवर उपकरणांना एकमेकांशी संपर्क करण्यास अनेकदा मज्जाव असतो.

दक्षता

एमटीपीद्वारे जोडलेल्या फोनमधील फाइल विंडोज संगणकावरून पुसल्यास ती 'रिसायकल बिन'मध्ये जात नाही, कायमची नष्ट होते. फाइली 'कट' करून नेताना मध्येच केबल निसटल्यास हानी होऊ शकते. म्हणून आधी 'कॉपी' करावे, संगणकावर काही फाइली उघडून पाहाव्यात आणि मगच फोनमधील पुसाव्यात.

फोनचा पडदा फुटल्यास कुलूप उघडता येत नाही आणि संमतीवाचून संगणकाला फाइली मिळत नाहीत. पडद्यावर चित्र दिसत असून केवळ स्पर्श चालत नसेल, तर ओटीजी जोडणी असलेल्या फोनला माउस लावून कुलूप उघडता येते. पडदा पूर्ण काळा झाल्यास मात्र दुरुस्तीवाचून बहुधा उपाय उरत नाही. त्यामुळे फोन सुस्थितीत असतानाच महत्त्वाच्या फाइलींची प्रत अन्यत्र ठेवणे आवश्यक ठरते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवाशासारख्या तालुक्याच्या गावी सातबारा उतारा, गुणपत्रिका किंवा विम्याची कागदपत्रे फोनवर येतात आणि छपाईसाठी झेरॉक्सच्या दुकानात न्यावी लागतात. तेथे फोन जोडून 'फाइल ट्रान्सफर' निवडल्यास एका कागदासाठी फोनमधील सर्व छायाचित्रे व कागदपत्रे त्या संगणकाला खुली होतात. अशा वेळी हवी तेवढीच फाइल ब्लूटूथने किंवा ईमेलने पाठवणे अधिक सुरक्षित असते. छपाईनंतर आपल्या देखत ती फाइल त्या संगणकावरून, 'रिसायकल बिन'मधूनही, पुसून घ्यावी.