अळवाचा वाफा आणि शहराचें सांडपाणी

जुन्या वाड्यांतून ज्यांचें बालपण गेलें त्यांना परसांतला अळवाचा वाफा आठवत असेल. न्हाणीघराच्या मोरीचें पाणी एका उथळ चरांतून परसाकडे जाई. चराच्या दोन्ही अंगांस अळू, पुढें दोनचार केळी, आणि कडेला कर्दळीची रांग. पाणी राखाडी रंगाचें असे, त्यांत साबणाचा फेस असे, भांड्यांची राख असे. पण केळींच्या पलीकडे तें पोंचलेलें मीं कधीं पाहिलें नाहीं, आणि त्या जागीं दुर्गंधि आलेलीही मला स्मरत नाहीं. घरांतल्या बायकांना ही व्यवस्था कोणी शिकविली नव्हती, व तिला कोणी शास्त्र म्हणतही नसे. आज शहरांपुढें सांडपाण्याचा जो प्रश्न उभा आहे, त्याच्या उत्तराचा एक भाग या वाफ्यांत आहे असें म्हटलें तर आपणांस अतिशयोक्ति वाटेल. म्हणून तो भाग कोणता, आणि तो कोठवर पुरा पडतो, एवढेंच आज मी सांगणार आहें.

शाळेंत असतांना मी मुलांकडून एक प्रयोग करून घेत असें. ओढ्याचें सांडपाणी मिसळलेलें पाणी दोन बरण्यांत भरावयाचें. एक बरणी काठोकाठ भरून तिला घट्ट बूच लावावयाचें. दुसरी अर्धीच भरून तींत नदींतले लहान गोटे टाकावयाचे, आणि दिवसांतून चार वेळां तें पाणी उंचावरून दुसऱ्या भांड्यांत ओतून पुन्हा बरणींत आणावयाचें. आठ दिवसांनीं पहिल्या बरणीचें बूच काढलें कीं वर्ग रिकामा होई. सडक्या अंड्यासारखा तो वास एकदां शेजारच्या वर्गांत शिरला, व तेव्हांपासून हा प्रयोग व्हरांड्यांत करण्याची मला सूचना मिळाली. दुसऱ्या बरणींतलें पाणी मात्र बरेंच निवळलेलें असे, गोट्यांवर एक बुळबुळीत थर चढलेला असे, आणि वास म्हणाल तर ओल्या मातीचा. तें पिण्याजोगें झालें होतें असें नव्हे; रोगजंतु डोळ्यांना दिसत नाहींत, हें मुलांना त्याच वेळीं बजावावें लागे. पण पाणी तेंच व घाण तीच असतां एवढा फरक पडला तो हवेनें आणि गोट्यांनीं.

त्या बुळबुळीत थरांत सारें रहस्य आहे. तो थर असंख्य सूक्ष्मजंतूंच्या वसाहतीचा असतो, आणि आपण ज्याला घाण म्हणतों तें त्यांचें अन्न होय. हें अन्न पचविण्यास त्यांना प्राणवायु लागतो, व तो पाण्यांत विरघळलेला असावा लागतो. येथेंच अडचण सुरू होते. आपल्याकडील उष्ण हवेंत एक लिटर स्वच्छ पाण्यांत सुमारें ८ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो. मासे सुखानें राहावयाचे तर त्यांतला निम्मा तरी शिल्लक पाहिजे. उलट घरगुती सांडपाण्याच्या एका लिटरांतील घाण पचवावयाची तर जंतूंना पहिल्या पांच दिवसांतच साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम प्राणवायु लागतो. म्हणजे एक लिटर सांडपाणी पंचवीस ते चाळीस लिटर निर्मळ पाण्याचा प्राणवायु संपवूं शकतें. तो संपला कीं हे जंतु मागें पडतात, व हवेवांचून जगणारे दुसरे जंतु त्यांची जागा घेतात. सडक्या अंड्याचा वास सोडणारे ते हेच. नदी काळी पडली, तिला घाण येऊं लागली, म्हणजे ती मेली असें आपण म्हणतों; वस्तुतः तिचा श्वास कोंडलेला असतो.

कोंडलेला श्वास नदीला परत मिळतो कसा, हें पाहावयाचें तर पावसाळ्यांत गौताळ्याच्या डोंगरांत जावें. कन्नडच्या वरच्या अंगास हें जंगल आहे. १९८६ सालीं तें अभयारण्य झालें. तेथील ओढे काळ्या खडकाच्या पायऱ्यांवरून उड्या घेत येतात. प्रत्येक उडींत पाणी फुटतें, फेसाळतें व हवा पिऊन घेतें. खालीं गोट्यांच्या पात्रांत तें हजार वाटांनीं पसरतें, म्हणजे जंतूंना वसाहतीस जागा मिळते. पुढें सपाटीवर लव्हाळ्यांत व पाणकणसांत तें रेंगाळतें, म्हणजे गाळ खालीं बसण्यास व जंतूंना आपलें काम करण्यास वेळ मिळतो. हवा, जागा आणि वेळ या तीन गोष्टींवर सृष्टीचा हा कारखाना चालतो. अमेरिकेंत ओहायो नदीवर काम करून १९२५ सालीं स्ट्रीटर व फेल्प्स यांनीं गणितानेंच दाखविलें कीं, सांडपाणी मिळाल्यावर नदींतला प्राणवायु प्रथम उतरत जातो, व पुढें घाण मिळाली नाहीं तर कांहीं मैलांनीं पुन्हा चढतो. शहरांत तेवढे मैल मोकळे आपण ठेवीत नाहीं, ही गोष्ट वेगळी. शिवाय ओढा सरळ करून त्याला दोन्ही अंगांस गुळगुळीत सिमेंटच्या भिंती बांधण्याची जी हौस आज दिसते, तींत गोटे, वळणें व लव्हाळे हे तिन्ही एकदम जातात. दिसावयास तें नीटनेटकें दिसतें. पण ओढ्याचें आंतडेंच काढून टाकल्यासारखें तें आहे.

सांडपाणी शुद्ध करण्याचे जे मोठे कारखाने शहरोशहरीं आहेत तेही नदीचीच नक्कल करतात, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. मँचेस्टर येथें १९१४ सालीं आर्डर्न व लॉकेट यांनीं सांडपाण्यांत हवा फुंकून जंतूंचा गाळ जोपासण्याची पद्धति सिद्ध केली. त्यांना ज्यांच्याकडून स्फूर्ति मिळाली ते गिल्बर्ट फाउलर १९१६ सालीं बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें येऊन राहिले, त्यामुळें ही विद्या आपल्या देशास फार लवकर परिचित झाली. या पद्धतींत नदीचें मैलोगणती काम कांहीं तासांत व थोड्या जागेंत उरकतें. परंतु हवा फुंकणारीं यंत्रें रात्रंदिवस चालावीं लागतात. वीज गेली, किंवा विजेचें बिल थकलें, कीं जंतु गुदमरले. लहान नगरपालिकांना हा खर्च झेपत नाहीं, आणि यंत्रें बसवूनही पाणी तसेंच वाहत राहतें.

दुसरी नक्कल अळवाच्या वाफ्याची. जर्मनींत केटे सायडेल या बाईंनीं १९५० नंतरच्या दशकांत लव्हाळ्यांवर प्रयोग करून दाखविलें कीं, दलदलींतल्या वनस्पति लावलेल्या वाळूगोट्यांच्या वाफ्यांतून सांडपाणी सोडल्यास तें शुद्ध होतें. आपल्याकडे नागपूर येथें १९५८ सालीं स्थापन झालेल्या, व आज नीरी या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या संस्थेनें याच तत्त्वावर फायटोरिड नांवाची पद्धति बसविली आहे. तिची रचना साधी आहे. प्रथम एका टाक्यांत जड गाळ खालीं बसतो. मग पाणी खडी व विटांचे तुकडे भरलेल्या हौदांच्या मालिकेंतून सावकाश झिरपत जातें. खडीवर कर्दळ, पाणकणीस, नळ अशीं झाडें लाविलेलीं असतात. पाणी खडीच्या पृष्ठभागाखालूनच वाहतें, त्यामुळें वास येत नाहीं व डांसही होत नाहींत. पुण्याच्या सृष्टि इको-रिसर्च इन्स्टिट्यूटचे संदीप जोशी यांनीं वाहत्या नाल्यांतच दगड, वाळू व वनस्पतींचे तंतू यांचा आडवा बांध घालून त्याच्याजवळ झाडें लावण्याची रीत काढली. तिला ते हरितसेतु म्हणतात. उदयपूरच्या आहड नदींत २०१० सालीं ती योजण्यांत आली.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. झाडें घाण पिऊन टाकतात असें लोक म्हणतात. तें फार थोडें खरें आहे. झाडें आपल्यापुरतें खत घेतात, परंतु घाण पचविण्याचें मुख्य काम खडीवरच्या व मुळांवरच्या जंतूंचें आहे. मुळें त्यांना राहावयास जागा देतात, खडी मोकळी राखतात, व थोडी हवा खालीं पोंचवितात. म्हणूनच हिरवें दिसलें कीं पाणी शुद्ध झालें असें समजणें धोक्याचें आहे. जलपर्णी हिरवीच असते. पण ती तळ्यावर गालिच्यासारखी पसरली कीं खालच्या पाण्याची हवा तुटते, आणि कुजली म्हणजे तिनें घेतलेलें सारें पुन्हा पाण्यांतच जातें.

आतां आपल्या जिल्ह्याच्या शहराकडे वळूं. छत्रपति संभाजीनगर हें मूळचें खडकी, मलिक अंबरानें १६१० सालीं खाम नदीच्या काठीं वसविलेलें. त्यानें नदीचें पाणी पिण्यास घेतलें नाहीं. टेकड्यांच्या पायथ्याचें भूगर्भांतलें पाणी नहरींतून शहरांत आणलें. त्या नहरींचे उंच बंब शहरांत आजही कोठें कोठें उभे आहेत, आणि खामच्या काठीं पाणचक्कीच्या हौदांत उंचावरून पाणी पडतांना ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना पाणी हवा कशी पितें हें मीं सांगावयास नको. नदी मात्र पुढील काळांत शहराचें गटार झाली. जटवाड्याकडील डोंगरांतून निघून, हर्सूलच्या तलावावरून, मकाई व महमूद दरवाज्यांच्या पुलांखालून, छावणी व वाळूजच्या बाजूनें ती जाते व शेवटीं गोदावरीस, म्हणजे नाथसागरास मिळते. या नाथसागराची पायाभरणी १९६५ सालीं झाली व १९७६ सालीं धरणाचें उद्घाटन झालें. पैठणहून मोठमोठ्या नळांनीं वर चढवून तेंच पाणी शहर पितें. ज्या घागरींतून प्यावयाचें तिच्यांतच उष्टें ओतावयाचें, असा हा व्यवहार आहे. कन्नडकरांनींही हंसूं नये, कारण आपल्या पाण्याचा उतार शिवनेकडे आहे, आणि शिवनाही गोदावरीलाच मिळते. आपली घागर वेगळी असेल, पण उष्टें त्याच वाटेनें जातें.

सन २०२०-२१ पासून महानगरपालिका, छावणी परिषद, इकोसत्त्व व वॅरॉक यांनीं मिळून खामच्या उद्धाराचें काम हातीं घेतलें. पात्रांतला कचरा उपसणें, तरंगता कचरा जाळ्यांनीं अडविणें, घरोघरींचा कचरा नदींत जाणार नाहीं असें पाहणें, काठावर देशी झाडें व गवत लावणें, अशा क्रमानें तें चाललें. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटच्या रॉस सेंटर पारितोषिकाच्या २०२३-२४ च्या फेरींत तें अंतिम नामांकितांत होतें. मला हा क्रम योग्य वाटतो. प्लास्टिकच्या पिशव्यांनीं खडी बुजली तर कितीही चांगला वाफा चार दिवसांत निकामी होईल. तथापि काठचा बगीचा पाहून नदी शुद्ध झाली असें मानूं नये. बगीचा काठावर असतो, आणि सांडपाणी मधून वाहतें.

मग साऱ्या शहराचें सांडपाणी अशा वाफ्यांवर सोडतां येईल काय? थोडा हिशेब करूं. आपल्या हवेंत माणशीं साधारण एक ते दोन चौरस मीटर वाफा लागतो. सन २०११ च्या जनगणनेंत या शहराची वस्ती ११ लाख ७५ हजार होती. त्यानंतर ती वाढलीच आहे. तेवढ्यांस तीनशें ते पावणेसहाशें एकर जमीन पाहिजे, आणि ती शहरांत कोण देणार? कलकत्त्याला पूर्वेकडील सुमारें १२,५०० हेक्टरांचा पाणथळ प्रदेश लाभला आहे. तेथील कोळी पिढ्यान् पिढ्या शहराच्या सांडपाण्यावर मासे वाढवितात, व २००२ सालीं रामसर कराराखालीं त्या प्रदेशास मान्यता मिळाली. ती देणगी सर्वांस नसते. मोठ्या शहरास यंत्रें लागणारच. वाफे त्यांच्या जोडीला, एखाद्या वसाहतीपुरते, नाल्यापुरते, वसतिगृहापुरते. शिवाय कारखान्यांचें पाणी या वाफ्यांत मुळींच येतां कामा नये. जंतु अन्न पचवितात, धातु पचवीत नाहींत. क्रोमियम किंवा शिसें खडींत व मुळांत सांठून राहील, नाहीं तर जंतूंनाच मारील. तें कारखान्याच्या दारांतच काढलें पाहिजे.

परंतु कन्नडसारख्या, चाळीस हजारांच्या आसपास वस्तीच्या गांवास हाच हिशेब दहा ते वीस एकरांचा होतो. गांवाच्या खालच्या अंगास, नाले जेथें एकत्र येतात तेथें, एवढी जमीन अजून मिळूं शकते. आणखी वीस वर्षांनीं तेथें घरें उभीं राहिलेलीं असतील. पाणी उतारानेंच जाईल, म्हणून वीज जवळ जवळ लागणार नाहीं. पावसाळ्याचा पूर वाफ्यांत शिरूं नये म्हणून त्याला बाजूनें वाट ठेवावी लागेल. बसका गाळ वेळेवर उपसावा लागेल. आणि झाडें वर्षांतून एकदोन वेळां कापावीं लागतील, नाहीं तर तीं तेथेंच कुजून घेतलेलें खत परत करतील. थोडक्यांत, येथें इंजिनिअरापेक्षां एका चांगल्या माळ्याची गरज अधिक आहे, आणि त्याचा पगार दर महिन्यास निघाला पाहिजे. माझ्या पाहण्यांत असा एक लहानसा वाफा आहे. मोठ्या थाटानें त्याचें उद्घाटन झालें, माळी मात्र नेमला गेला नाहीं, आणि तिसऱ्या वर्षीं खडीवर नुसता चिखल सांचला.

हा विषय निघाला कीं घरांतल्या बायका एक प्रश्न हटकून विचारतात: अशा वाफ्यांतलें अळू खावें काय? पूर्वींच्या मोरीच्या पाण्यांत राख, शिकेकाई व थोडें अन्न असे. आजच्या सांडपाण्यांत मैला असतो, कृमींचीं अंडीं असतात, आणि नाल्याचें पाणी असेल तर कोणत्या दुकानाचें काय त्यांत मिसळलें याचा पत्ता नसतो. तेव्हां खाण्याचें अळू विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्यावरच लावावें, आणि सांडपाण्याच्या वाफ्यांत कर्दळ लावावी. तिचीं मुळें खोल जातात, ती कापली तरी पुन्हा जोमानें फुटते, आणि तिचीं फुलें कोणी खात नाहीं.