वनराजांची आघाडी

आपण सिंहाला वनराज म्हणतो. राजा म्हटलं की डोळ्यांपुढे एकच उभा राहतो. एक आयाळ, एक गर्जना, एक सिंहासन. उर्दूत सिंहाला शेर म्हणतात आणि उच्चारात किंचित फरक करून कवितेच्या दोन ओळींनाही शेरच म्हणतात. मी कविता लिहिणारा माणूस, म्हणून मला हे जवळचं वाटतं. शेराचं एका ओळीत भागत नाही, तसं या राजाचंही एकट्याने भागत नाही. त्याला साथीदार लागतो.

नर छावा दोन-तीन वर्षांचा झाला की त्याला कळपातून हुसकून लावलं जातं. बरोबरीचे भाऊ, चुलतभाऊ असतील तर ते एकत्र भटकतात. ही झाली त्यांची आघाडी. टांझानियातल्या सेरेंगेटीत क्रेग पॅकर आणि अ‍ॅन पुसी यांनी सिंहांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांना दिसलं की चार किंवा अधिक नरांच्या आघाडीत सगळे नात्यातलेच असतात. दोघा-तिघांच्या आघाडीत मात्र परकाही चालतो. कारण मोठ्या आघाडीत काहींच्या वाट्याला पिल्लं येतच नाहीत. भावाची पिल्लं वाढत असतील तरच तो तोटा सोसवतो.

ही आघाडी कशासाठी? सिंहिणींच्या मुलखासाठी. सिंहिणी पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहतात, राजे तेवढे बदलतात. राज्य टिकतं साधारण दोन-तीन वर्षं. म्हणून नव्याने आलेले नर आधीच्यांचे छावे मारतात. अंगावर पिणारी पिल्लं असेपर्यंत सिंहीण माजावर येत नाही. पिल्लं गेली की लवकरच येते. हिशेब क्रूर आहे, पण हिशेब आहे.

दक्षिण आफ्रिकेतलं साबी सँड हे राखीव वन क्रूगर राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे. मधलं कुंपण १९९३ साली निघालं आणि सिंहांची ये-जा खुली झाली. तिथे २००६च्या सुमारास ‘मापोगो’ नावाने ओळखले गेलेले सहा नर आले. सहांपुढे कोण उभं राहणार? त्यांनी मोठा मुलूख काबीज केला, कितीतरी सिंह आणि छावे मारले. पुढे त्यांच्यातले दोघे वेगळे झाले. २०१० साली ‘माजिंगिलाने’ नावाची नवी आघाडी आली आणि त्या दोघांपैकी एक मारला गेला. २०१२ साली दुसऱ्यालाही चार तरुण नरांनी संपवलं. दरारा होता तो सहांचा. आकडा घटला तसा तोही ओसरला.

सिंहांना हा आकडा कळतो. त्यांची गर्जना आठ किलोमीटरपर्यंत पोचते. संशोधकांनी सेरेंगेटीत ध्वनिमुद्रित गर्जना ऐकवल्या, तेव्हा परके आवाज किती आणि आपण किती याचा अंदाज घेऊनच सिंहिणी पुढे सरसावल्या.

म्हणूनच एखाद्या हौशी शिकाऱ्याची गोळी लागून एक नर पडतो तेव्हा हानी एकाचीच होत नाही. आघाडी दुबळी होते, बाहेरचे चालून येतात आणि झुडपात लपवलेले छावे जिवाला मुकतात. भिंतीवर मुंडकं एकच लागतं. त्या छाव्यांची मोजदाद कुणी करत नाही.