चार अणूंचा फरक

ऑक्सिमॉर्फोन हे मॉर्फिनपेक्षाही प्रखर वेदनाशामक. नॅलॉक्सोन त्याच्या नेमकं उलट: मॉर्फिन, हेरॉइन किंवा फेंटानिल प्रमाणाबाहेर गेल्यानं ज्याचा श्वास थांबत आलाय, त्याला काही मिनिटांत परत आणणारा उतारा. हे दोन रेणू कागदावर शेजारीशेजारी काढले, तर सांगाडा हुबेहूब तोच. नायट्रोजनला एकाच्या बाबतीत मिथाइल गट जोडलेला आहे, दुसऱ्याच्या बाबतीत अलाइल. म्हणजे दोन कार्बन आणि दोन हायड्रोजन जास्त, एवढंच.

चार अणूंनी औषधाचा उतारा कसा होतो? हे समजायला अणूंच्या पातळीवरचं चित्र हवं होतं, आणि ते मिळायला फार वेळ लागला. मॉर्फिन अफूतून वेगळं झालं एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. ते मेंदूत कुठे चिकटतं, याचा प्रयोगसिद्ध पुरावा आला १९७३ मध्ये, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांच्याकडून. त्याच वर्षी न्यूयॉर्क आणि उप्साला इथूनही तोच निष्कर्ष आला. पुढे या ग्राही प्रथिनांचे म्यू, डेल्टा, कप्पा असे प्रकार ठरले. मॉर्फिनची मदार मुख्यतः म्यूवर.

अणूंचं ते चित्र मिळवण्यासाठी या प्रथिनाचा स्फटिक करणं महाकठीण. ते पेशीपटलातून सात वेळा आरपार जातं, सतत हलतं, आणि पटलाबाहेर काढलं की मोडतं. स्टॅनफर्डमध्ये ब्रायन कोबिल्का यांच्या गटानं त्याचा एक लवचीक दुवा काढून तिथे लायसोझाइम हे घट्ट बांध्याचं प्रथिन बसवलं, आणि २०१२ मध्ये उंदराच्या म्यू ग्राहीची रचना प्रसिद्ध केली. त्यात ग्राही बंद अवस्थेत होता, कारण खोबणीत अटकाव करणारा रेणू होता. खोबणी मात्र अनपेक्षितपणे ऐसपैस आणि बाहेरच्या पाण्याला खुली निघाली.

चालू अवस्थेतला ग्राही दिसायला २०१५ उजाडलं. बीयू७२ हा जबरदस्त ताकदीचा रेणू आणि उंटाच्या कुळातल्या प्राण्यांत सापडणाऱ्या प्रतिपिंडापासून केलेला छोटा तुकडा, अशा दोघांनी ग्राहीला दोन्ही टोकांनी धरून ठेवलं होतं. खरा धक्का इथे बसतो. खोबणीतले बदल अगदी किरकोळ आहेत. रेणूतला धनभारित नायट्रोजन १४७ व्या स्थानावरच्या ऋणभारित अ‍ॅस्पार्टेटला धरतो, आसपासची काही अमिनो आम्लं जराशी सरकतात. पण ती हालचाल प्रथिनाच्या गाभ्यातल्या ध्रुवीय बंधांच्या जाळ्यातून खाली उतरते आणि पेशीच्या आतल्या बाजूला आरपार जाणाऱ्या सात सर्पिलांपैकी सहावा सुमारे १० अँगस्ट्रॉम बाहेर झुकतो. कुलूप-किल्लीची उपमा इथे अपुरी पडते. इथे किल्ली जवळपास स्थिर राहते आणि पलीकडची भिंत सरकते.

अटकाव करणाऱ्या रेणूत नायट्रोजनवरचा मोठा गट खोबणीच्या तळाशी रोवलेला दिसतो. ग्राही भरलेला असतो, पण आतली बाजू उघडत नाही.

उघडली, तर त्या पोकळीत पेशीच्या आत निरोप पोचवणारं जी-प्रथिन शिरतं. २०१८ मध्ये अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं ही जोडीही टिपली. सुटे झालेले जी-प्रथिनाचे भाग चेतापेशीतल्या पोटॅशियमच्या वाटा उघडतात, कॅल्शियमच्या बंद करतात, आणि वेदनेचा निरोप पुढे जात नाही. मेंदूच्या बुंध्यातल्या, श्वासाची लय राखणाऱ्या चेतापेशींवरही हेच ग्राही असतात. सगळं दुखणं इथे आहे.

म्हणूनच २०१६ मध्ये मोठी आशा निर्माण झाली. २०१२ ची रचना संगणकावर ठेवून तीस लाखांहून अधिक रेणू तपासले गेले आणि पीझेडएम२१ हाती लागला: जी-प्रथिनाला जागवणारा, पण अरेस्टिन या दुसऱ्या प्रथिनाला फारसा न बोलावणारा. श्वास मंदावण्यामागे अरेस्टिन असावं, असं तेव्हा मानलं जाई. २०१८ मध्ये ब्रिस्टलच्या प्रयोगांत याच रेणूनं उंदरांचा श्वास मंदावला. पुढे अरेस्टिन नसलेल्या उंदरांतही मॉर्फिननं श्वास मंदावतो, हे अनेक प्रयोगशाळांनी दाखवलं. रचना खोटी नव्हती. तिच्यावर रचलेला जीवशास्त्रीय तर्क कच्चा होता. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण कर्करोगाच्या असह्य वेदनांत मॉर्फिनसारख्या औषधांची आजही गरज पडते आणि सुरक्षित औषधाचा शोध सोडून देणं परवडणारं नाही.

अरेस्टिन टाळण्याच्या त्याच विचारातून आलेल्या ऑलिसेरिडिनला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं ऑगस्ट २०२० मध्ये मान्यता दिली, रुग्णालयात शिरेतून देण्यासाठी. त्याच्या माहितीपत्रकावर चौकटीत छापलेला इशारा जुन्याच औषधांचा आहे: श्वास मंदावण्याचा धोका.